सी किंगचा रंग नंतर, आधी काचा आणि पाती

प्रश्न थोडक्यात असा: "काका, मी सिडकोत राहतो. आतापर्यंत १:७२ची, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी, तीन विमानं केली. आता सी किंग हेलिकॉप्टरचा किट आणलाय आणि त्यातलं आपल्या नौदलाचं ४२बी हे मॉडेल करायचंय. करडा रंग नेमका कोणता? नाशिकमध्ये कुठला रंग चालेल? एअरब्रशनं मारला की तो खरखरीत का होतो? आणि हो, मागच्या विमानाच्या काचा धुरकट झाल्या, ते कशामुळे?"

चारातले तीन प्रश्न रंगाचे, आणि काचेचा प्रश्न शेवटी, जाता जाता विचारलेला. मी बरोबर उलट्या क्रमानं उत्तर देणार आहे. हेलिकॉप्टरचं मॉडेल रंगामुळे फारसं बिघडत नाही. रंग चुकला तर पुन्हा मारता येतो. बिघडतं ते काचांत आणि पात्यांत, आणि तिथली चूक रंगानं झाकत नाही.

माझी उमेदवारी सातपूरच्या एका टूलरूममध्ये झाली, त्यामुळे मला प्रत्येक गोष्टीत जिग, म्हणजे वस्तू एकसारख्या बनवायचा साचा, दिसतो. तेवढं सांभाळून घे.

आपल्याकडे मॉडेल करणारी बहुतेक पोरं मिग-२१ नाहीतर सुखोई करतात. साहजिक आहे. ओझरला एचएएलचा कारखाना मिगसाठीच १९६४ साली उभा राहिला आणि पुढे तिथे सुखोई-३० झाली. हेलिकॉप्टर म्हणशील तर नाशिकरोडला गांधीनगरवरून उठणारी चेतक आणि चीता आपण येता-जाता बघतो. पण ती लष्कराची आणि फ्रेंच घराण्यातली. त्यांचा रोटर, म्हणजे डोक्यावरचा पात्यांचा पंखा, वरून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो. सी किंग मूळचं अमेरिकन सिकोर्स्कीचं, इंग्लंडमध्ये वेस्टलँडनं परवान्यावर बांधलेलं, आणि त्याचा रोटर उलटा फिरतो. ही माहिती परीक्षेसाठी नाही, पाती बसवताना लागणार आहे, तेव्हा लक्षात ठेव.

आधी खोका बघ. नौदलात पहिली सी किंग १९७१ साली आली, ती मार्क ४२. तुझं ४२बी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आलं आणि ते सी किंगच्याच ब्रिटिश एचएएस-५ प्रकाराच्या जवळचं आहे. म्हणजे पाठीवरचा रडारचा घुमट मोठा, शेपटीच्या रोटरला सहा पाती. जुन्या साच्याच्या किटमध्ये घुमट छोटा आणि शेपटीला पाच पाती निघाली तर ते आधीचं मशीन समज. खोक्यावर एचसी-४ लिहिलं असेल तर तो प्रकारच वेगळा. ते सैनिक वाहून नेणारं, दोन्ही बाजूंचे तरंगे (पाण्यावर तरंगायला मदत करणारे फुगीर भाग) नसलेलं आणि चाकं आत न जाणारं. त्यातून ४२बी काढायचं म्हणजे लग्नाच्या शेरवानीतून रेनकोट शिवणं. इंजिनांपुढे एक ढाल असते, ती तुझ्या मशीनवर आहे की नाही हे मात्र फोटोवरूनच ठरव. एकच मशीन निवड, त्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो जमव आणि त्यांनाच प्रमाण मान. खोक्यावरचं चित्र विकण्यासाठी काढलेलं असतं.

आता काचा. विमानाला एक कॅनोपी (वैमानिकावरची काच) असते, ती शेवटी लावली की झालं. सी किंगचं नाक म्हणजे जवळजवळ सगळी काचच, वर कॅबिनच्या खिडक्या, दाराच्या खिडक्या. तुझ्या काचा धुरकट झाल्या त्या फेविक्विकनं, हे न बघताही सांगतो. ते वाळताना त्याची वाफ निघते आणि ती काचेवर पांढरी बसते. बंद केबिनमध्ये तर ती बाहेरही जात नाही, आतल्या बाजूनं बसते, आणि मग तिथे हात पोचत नाही. म्हणून काचेला फेविक्विक कधीच नाही, आणि काच बसलेल्या धडाच्या आतही नाही. साधा पांढरा फेविकॉल वापर. टूथपिकच्या टोकानं कडेला लाव, काच बसव, बाहेर आलेला ओल्या इअरबडनं पूस आणि रात्रभर हात लावू नकोस. वाळला की पारदर्शक होतो. अगदी छोट्या, चार-पाच मिलिमीटरच्या खिडक्यांना तर काचच नको. टूथपिकवर फेविकॉल घे, भोकाच्या कडेकडेनं फिरव आणि पडदा ओढल्यासारखा मध्ये आण. वाळल्यावर खिडकी तयार.

माझ्या पहिल्या सी किंगचं काय झालं ते ऐक. कॅबिनच्या खिडक्या आतून लावल्या, धड बंद केलं, सांधा घासला, सगळं छान. मास्किंग करताना, म्हणजे रंगाआधी काचा टेपनं झाकताना, बोट जरा जोरात टेकलं आणि एक खिडकी टक् करून आत पडली. पुढे ते मॉडेल उचललं की वाजायचं. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती, तिला वाटलं बाबांनी तिच्यासाठी खुळखुळा केलाय. तेव्हापासून खिडकी लावून वाळली की आतल्या बाजूनं कडेला फेविकॉलची दुसरी रेघ फिरवतो, आणि धड बंद करण्याआधी प्रत्येक खिडकी बोटानं हलकेच दाबून बघतो. ज्यांच्या कडा बाहेरून बसतील अशा असतील, त्या रंग झाल्यावरच लावतो.

नाकाची काच धडाला चिकटवण्याआधी दहा वेळा कोरडी लावून बघ. छताच्या बाजूला पायरी राहतेच. ती काचेकडून नाही, धडाकडून घासून काढ. काचेवर चरा पडलाच तर ओल्या २००० नंबरच्या वॉटर पेपरनं, मग टूथपेस्टनं, मग पारदर्शक अॅक्रिलिक वॉर्निशच्या हलक्या हातानं तो जातो. पण त्यात एक अख्खी संध्याकाळ जाते.

मास्किंगची एक खुबी. टेप लावून झाल्यावर आधी आतल्या केबिनचा रंग मार, मग त्यावर बाहेरचा करडा. टेप काढल्यावर काचेतून बघशील तर चौकटी आतून केबिनच्या रंगाच्या दिसतात, जशा खऱ्या असतात. केबिनमध्ये स्वतः मात्र फार रमू नकोस. १:७२च्या त्या काचेतून उपकरणांच्या पाट्या, दोन खुर्च्या आणि त्यांचे खांद्यावरून येणारे पट्टे एवढंच दिसतं. पट्टे मास्किंग टेपच्या बारीक चिंध्यांचे कर. बाकी सगळं आंधळ्याच्या गावातलं नक्षीकाम.

पात्यांकडे येतो. सी किंगच्या रोटरचा व्यास १८.९ मीटर, म्हणजे १:७२ मध्ये सव्वीस सेंटिमीटरच्या वर. ए-फोर कागदाच्या रुंदीत मावत नाही. धडापेक्षा आधी नजर तिथे जाते, आणि तिथेच नवशिका हात ओळखू येतो, कारण पाती पाटासारखी सरळ राहिलेली असतात. जमिनीवर उभ्या हेलिकॉप्टरची पाती स्वतःच्या वजनानं खाली झुकतात.

कशी झुकतात हे बघायला स्टीलची फूटपट्टी घे, लांब पातळ असलेली. एक टोक टेबलाच्या काठावर दाबून धर आणि बाकीची बाहेर सोड. आता तिच्याकडे बाजूनं बघ. वाक कुठे आहे? दाबून धरलेल्या टोकाच्या जवळ जास्त, आणि बाहेरचं टोक जवळजवळ सरळ, फक्त तिरकं. पाचपैकी चार जण याच्या उलट करतात. पात्याचं टोक बोटात धरून वाकवतात, मग ते पातं न राहता मिशी होते. उरलेला एक मुळाशी काटकोनात मोडतो.

मी असं करतो. लाकडाच्या तुकड्यावर कानसीनं हाच वाक काढतो, मुळाशी जास्त, पुढे सरळ होत गेलेला, टोकाला एकूण सहा-सात मिलिमीटर उतार. हा झाला जिग. पातं त्यावर मास्किंग टेपनं दोन ठिकाणी बांधायचं. पाणी उकळायचं, गॅस बंद करून दोन मिनिटं थांबायचं, मग जिगसकट पातं त्यात बुडवायचं. किटचं पॉलिस्टायरीन शंभर अंशाच्या आसपास नरम पडतं, त्यामुळे खळखळत्या पाण्यात घातलंस तर पातं पिळवटतं. अर्ध्या मिनिटानं काढून थंड पाण्यात टाक, टेप सोड. थोडं परत सरळ होतं. झालं तर पुन्हा घाल. पाचही पाती त्याच एका लाकडावर, म्हणजे पाचही सारखी. डोळ्याच्या अंदाजानं एकेक वाकवलीस तर पाचवं होईपर्यंत पहिलं वेगळं दिसायला लागतं. काही किटांत पाती झुकलेलीच येतात, तेव्हा आधी ती टेबलावर ठेवून बघ, नाहीतर दुप्पट झुकवशील.

आता ती फिरण्याची दिशा. मॉडेलचं नाक वर ठेवून वरून बघ. उजवीकडचं पातं नाकाच्या दिशेनं जातं. पात्याची जाड, गोलसर कड जाण्याच्या बाजूला आणि पातळ कड मागे. गांधीनगरच्या चेतकचा फोटो समोर ठेवून पाती लावलीस तर पाचही उलटी बसतील, आणि हे मी कल्पनेनं सांगत नाहीये. शेपटीचा रोटर डाव्या बाजूला, आडवा छोटा पंख उजवीकडे.

पाती दुमडून, शेपटी वळवून, जहाजाच्या हँगरमध्ये ठेवल्यासारखं करायचा मोह होईल, कारण मग ते घरच्या काचेच्या कपाटात मावतं. पहिल्या खेपेला नको. दुमडलेल्या पात्यांचा प्रत्येकाचा कोन वेगळा असतो, आणि हबजवळ, म्हणजे पाती जिथे जोडतात त्या मधल्या भागाजवळ, इतकं कापाकापीचं काम आहे की तू मध्येच सोडशील.

धडाबद्दल थोडंच. सी किंगचा तळ होडीसारखा आहे, गरज पडली तर पाण्यावर उतरता यावं म्हणून. तो सांधा घासताना दोन्ही बाजूंच्या धारा बोथट करू नकोस. पुटी भरायच्या आधी धारेच्या बाहेर टेप लाव. दोन्ही तरंगे लावताना समोरून बघून दोन्ही एका रेषेत आणून ठेव आणि वाळेपर्यंत काड्यापेट्यांचा टेकू दे. नाकात वजन भरायची गरज नाही, चाक शेपटीला आहे. आणि सगळ्यात आधी, कापाकापी सुरू करण्यापूर्वी, किटचे सुटे भाग ज्या फ्रेमवर येतात ती अख्खी फ्रेम, भांडी घासायच्या साबणानं कोमट पाण्यात धू. साच्याचं तेल राहिलं तर रंग टेपबरोबर निघून येतो.

रंग. नेमका नंबर विचारलास, तर उलट मी तुला विचारीन, कुठलं मशीन आणि कोणत्या वर्षीचं? ब्रिटिशांच्या नंतरच्या सी किंगला मीडियम सी ग्रे होता, त्यांच्या मानकात ६३७ नंबरचा. आपली ४२बी अंगभर एकाच करड्यात आहेत, पण फोटो भर दुपारचा असेल तर तो फिकट दिसतो आणि ढगाळ दिवशी गडद. मी तमिया कंपनीच्या एक्सएफ-८३ या करड्यापासून सुरू करतो आणि समोरच्या फोटोप्रमाणे त्यात एक्सएफ-५४ हा गडद करडा थेंब-थेंब घालतो. शेवटी दहातला एक भाग पांढरा टाकतो, कारण छोट्या मॉडेलवर तोच रंग जास्त गडद वाटतो. रंग बाटलीत ठरवू नकोस. जुन्या पात्यावर मारून, वाळवून, दिवसा गच्चीवर नेऊन फोटोशेजारी धर.

स्थानिक रंगांचं म्हणशील तर गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून डुको आणि एनसी थिनर स्वस्तात मिळतं. ते थेट प्लास्टिकवर मारलंस तर पृष्ठभाग खातं, कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. ते थिनर एअरब्रश धुवायला ठेव. चित्रकलेचे ट्यूबमधले अॅक्रिलिक रंग ब्रशनं छोट्या कामांना चालतात, एअरब्रशमधून नाही, त्यांचा कण जाड असतो. मॉडेलचे रंग मागवून घे, पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचव.

खरखरीतपणाला तुझा हात जितका जबाबदार आहे तितकंच नाशिकचं ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, हवा कोरडी. रंगाचा थेंब नळीतून निघून मॉडेलपर्यंत पोचेतो हवेतच वाळतो आणि पृष्ठभागावर रव्यासारखा बसतो. तेव्हा तीन गोष्टी कर. हवेचा दाब १५ पीएसआयच्या आसपास आण, अंतर सहा-आठ सेंटिमीटरपर्यंत कमी कर आणि थिनरमध्ये थोडं रिटार्डर, म्हणजे रंग हळू वाळवणारं द्रव, घाल. रंग दुधासारखा पातळ हवा. कपाच्या कडेवर चढवला की खाली ओघळताना पातळ थर मागे सोडणारा. आणि वेळ सकाळची, साडेसहा ते नऊ. पंखा बंद, मास्क तोंडाला, खिडकी उघडी.

पावसाळ्यात उलटं. लॅकर चकाकीदार मारलं की हवेतली ओल थरात अडकते आणि वर दुधाळ झाक येते. मी एका जुलैत, बाहेर संततधार चालू असताना, घाईनं चकाकीचा हात मारला. सकाळी उठून बघतो तर अख्खं हेलिकॉप्टर ताकात बुडवून काढल्यासारखं. पुढे कोरड्या दिवशी नुसतं थिनर आणि रिटार्डर धुक्यासारखं मारून बरंचसं निघालं, डाव्या तरंग्यावर मात्र राहिलं. शिवाय कॉम्प्रेसरच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे हवेतली ओल अडवणाऱ्या भांड्यात, पाणी साचतं, ते दर दहा मिनिटांनी सोड, नाहीतर रंगात पाण्याची थुंकी पडेल. थंडीचे दिवस उत्तम, फक्त निफाडचा पारा बातमीत आला की त्या दिवशी सकाळी नको, दुपारी अकरानंतर मार.

अक्षरं आणि गोल. आपल्या गोलात, म्हणजे अंगावरच्या तिरंगी चिन्हात, केशरी बाहेर, पांढरा मध्ये, हिरवा आत. उलटा लावलेला मी पाहिलाय. डीकल, म्हणजे चिकटवायची छापील चिन्हं आणि अक्षरं, किटमध्ये आपल्या नौदलाची नसतील, तेव्हा वेगळा संच घे किंवा स्वतः कर. घरच्या लेझर प्रिंटरवर पारदर्शक डीकल कागदावर गडद अक्षरं छापता येतात, पांढरी नाहीत, कारण प्रिंटरमध्ये पांढरा रंगच नसतो. त्यावर मी काढलेला उपाय म्हणजे नंबरप्लेटवाला. गाड्यांवर रेडियम कापून देणाऱ्याकडे प्लॉटर असतो. गोलाची तीन वर्तुळं आणि "आयएन"चा नंबर फाइलमध्ये करून ने आणि व्हिनाइल कापून घे, स्टेन्सिल म्हणून. पहिल्यांदा तो "एवढं बारीक कशाला?" म्हणून हसेल. चार मिलिमीटरच्या खालची अक्षरं फाटतात, ती डीकलनंच कर. व्हिनाइलचा चिकटपणा फार असतो, लावण्याआधी दोन-तीनदा शर्टाच्या बाहीवर चिकटवून काढ, नाहीतर खालचा रंग सोलून येईल. डीकल लावण्याआधी चकाकीचा हात, नंतर मॅटचा. मॅटच्या पृष्ठभागावर डीकलखाली हवा अडकते आणि ते चंदेरी दिसतं.

जुनं-वापरलेलं दाखवताना एक गोष्ट डोक्यातून काढ. समुद्रावरचं म्हणून तांबड्या गंजाचे ओघळ काढायचे नाहीत. अंग अॅल्युमिनियमचं आहे, ते तांबडं गंजत नाही, फार तर पांढुरकी भुकटी येते. मिठापायी ही हेलिकॉप्टरं गोड्या पाण्यानं धुतातही. दिसतं ते वेगळं. इंजिनाच्या धुराड्यांमागे काजळी, रोटरखालून मागे ओढलेले तेलाचे ओघळ, दाराच्या उंबऱ्यावर बुटांनी घासलेला रंग, आणि जागोजाग नव्या करड्याचे ठिगळ, कारण देखभालीत रंग वरचेवर मारतात आणि दोन डब्यांचा रंग कधीच जुळत नाही. ठिगळांसाठी तुझ्या करड्यात एकदा पांढरा, एकदा काळा थेंबभर घाल आणि पॅनेलच्या आतच, पातळ मार. पॅनेलच्या रेषांमध्ये काळा वॉश (पाण्यासारखा पातळ रंग) नको, गडद करडा पुरे. काजळीला मऊ पेन्सिलची पूड आणि कापसाचा बोळा उत्तम.

गोव्याला गेलास तर दाबोळीजवळच्या नौदल विमान संग्रहालयात अर्धा दिवस घाल. तिथे कामोव्ह-२५ हे रशियन हेलिकॉप्टर अगदी हाताच्या अंतरावर उभं आहे. समुद्रावरचं हेलिकॉप्टर रिव्हेट, सांधे आणि तेल यांनी कसं दिसतं ते कळतं. पूर्ण उभ्या यंत्राचा एकच फोटो काढून परत येऊ नकोस, वीतभर जागेचे पन्नास काढ.

शेवटचं काम हबचं. रोटरचा दांडा धडाला चिकटवू नकोस. पितळी नळीचा तुकडा धडात बसव आणि दांडा त्यात नुसता सरकव. सव्वीस सेंटिमीटरचा रोटर लावलेलं मॉडेल रिक्षातून नेता येत नाही, आणि घरात ते झाडताना पहिला फटका पात्यालाच बसतो. माझ्या मागच्या सी किंगची पाती एका चॉकलेटच्या डब्यात कापसात असतात, कोणी बघायला आलं की लावतो.